न लागलेली प्लीहा

दर सहामाहीस माझ्या टेबलावर लॉगबुकांचा जो ढीग येऊन पडतो, त्यातील आत्मचिंतनाची पाने चाळताना सारे दप्तर एकाच कारकुनाने उतरवून काढले असावे असा भास होतो. कारण 'या प्रसंगातून मला सहानुभूतीचे महत्त्व समजले' हे इंग्रजी वाक्य, क्वचित एखाद्या स्पेलिंगचा फरक सोडल्यास, वहीमागून वहीत हजेरी लावीत असते. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला, तेव्हापासून काय घडले, त्याचा अर्थ काय आणि पुढे काय, हे विद्यार्थ्याने लिहावे आणि आम्ही सही करावी असा रिवाज पडला आहे. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली ग्रंथरूपाने मांडलेला, हात कामात असतानाच मनाने त्या कामाची झडती घेण्याचा विचार आमच्या खात्यात येईतो एक रकाना होऊन बसला. "सर, रिफ्लेक्शन किती ओळींचं लिहायचं?" असे मुले विचारीत, आणि मी ते आळसाच्या सदरी टाकून मोकळा होत असे.

परवा तपासणीस येणार म्हणून जुन्या वह्या पुन्हा काढल्या, तेव्हा एका मुलीने मराठीत लिहिलेला मजकूर दृष्टीस पडला. "नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजींचं पोट आम्ही बारा जणांनी पाठोपाठ दाबलं. मी शेवटची. खोल श्वास घ्या असं मला सांगावंच लागलं नाही. हात टेकताच आजींनी आपणहून घेतला. मला स्प्लीन लागली नाही. सरांना मी लागली म्हणून सांगितलं." त्याखाली 'समाधानकारक' हा शेरा होता आणि सही माझी होती, म्हणजे पान न वाचताच केलेली.

प्लीहा साधारणतः दुपटीतिपटीने वाढल्यावाचून बोटांना लागत नाही, आणि वाढलेली असूनही उजव्या कुशीपासून डाव्या बरगडीपर्यंत हात धीराने सरकवीत न नेल्यास नवशिक्याला ती हुलकावणी देते. हे ठाऊक असूनही 'लागली ना?' असा होकार गृहीत धरणारा प्रश्न मी इतकी वर्षे विचारीत आलो. ज्याच्या हाती गुण आहेत त्यालाच आपली चूक लेखी द्यावी, ही अपेक्षा करणाऱ्यापेक्षा ती टाळणारी मुले मला आता अधिक शहाणी वाटतात. (ही मुलगी धीट होती, की कोणी वाचत नाही हे तिने ओळखले होते, हे विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही.)

दुसऱ्या दिवशी वॉर्डात, विद्यार्थिदशेत मला न लागलेल्या आणि तरीही लागली म्हणून सांगितलेल्या एका प्लीहेची हकीकत मी प्रथम सांगितली, आणि मग कोणाला लागत नाही ते विचारले. बारांपैकी सात हात वर आले. नऊ नंबरच्या आजींना घरी जाऊन तोवर दोन महिने झाले होते.