बिज्जू नव्हे, उदमांजर!



आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे लहानपणापासून आमच्या कानावर एकच शब्द होता, ‘बिज्जू’. रात्री छपरावर धावतो, कबरी उकरतो, म्हणून ‘कबरबिज्जू’! स्टेशनचे नाव २०२१ साली राणी कमलापती झाले, तरी वस्तीला आपण हबीबगंजच म्हणतो. जुनी नावे जिभेवरून सहज जात नाहीत. मात्र चुकीच्या नावापायी एखाद्या मुक्या जिवाचे प्राण जाऊ शकतात, हे आपल्या शाळेने यंदा जवळून पाहिले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा जुन्या भांडारघराच्या छतात रोज रात्री खुडबुड होऊ लागली. चौकीदार घाबरला. शेजारची काही मंडळी काठ्या घेऊन आली, कुणी विषाच्या गोळ्या सुचवल्या. पाचवीतल्या एका मुलाने संध्याकाळी त्या प्राण्याचे तोंड पाहिले होते. कार्टून पाहणारा तो मुलगा म्हणाला, “मॅडम, हा रकून आहे!” आम्ही सर्वांना एवढेच सांगितले की आधी ओळख पटवू, मग काय ते ठरवू.

रकून हा मूळचा अमेरिका खंडातला प्राणी. आपल्या जंगलात तो नाही. पण मुलाचे निरीक्षण अगदीच वाया गेले नाही. डोळ्यांभोवती काळी पट्टी, रात्रीचा वावर, फळांची आवड, या गोष्टी रकूनसारख्याच असलेला आपला प्राणी म्हणजे उदमांजर. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात.

मग मुलांनी खुणा शोधल्या. कठड्यावर विष्ठा सापडली, तिच्यात जांभळाच्या अख्ख्या बिया होत्या. मांजर आपली घाण मातीत पुरते. उदमांजर मात्र भिंतीवर, दगडावर, उघड्यावरच टाकते. गच्चीवर चाळलेली माती पसरली, तर सकाळी पाच बोटांचे ठसे मिळाले. मांजराच्या आणि कुत्र्याच्या ठशात चारच बोटे दिसतात. मुंगसालाही पाच बोटे असतात, पण ते दिवसा फिरते. छताजवळ शिजलेल्या बासमतीसारखा वास येत होता. बंगालीत या प्राण्याला गंधगोकुळ म्हणतात, ते या वासावरूनच. शेवटी शेपूट दिसली, लांब आणि काळी, कडी नसलेली. शेपटीवर काळी-पांढरी कडी असती, तर ते जवादी मांजर ठरले असते. आणि खरा बिज्जू पाठीवर राखाडी-पांढरा व पोटाखाली काळाकुट्ट असतो. म्हणजे आपल्या पाहुण्यावर कबरी उकरण्याचा आरोप उगाच होता!

उदमांजर उंदीर खाते. फळे खाऊन बिया दूरवर टाकते, त्यातून झाडे उगवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे. हे सांगितल्यावर काठ्या खाली आल्या. पुढे छतातून पिल्लांचा आवाज ऐकू आला, तेव्हा विष सुचवणारे गृहस्थच सर्वांत आधी गप्प झाले. आई मेली असती, तर पिल्ले आत उपाशी मेली असती. आपण वाट पाहिली. दिवाळीपर्यंत पिल्ले मोठी होऊन निघून गेली. जागा रिकामी असल्याची खात्री करून मगच भोकांना जाळी बसवली. जाळीच्या खर्चास मान्यता दिल्याबद्दल विश्वस्त मंडळाचे आभार.

आपले भोपाळ भाग्यवान आहे. वनविहार शहरातच आहे आणि केरवा-कलियासोतच्या बाजूला वाघही फिरतात. असे शेजारी आपल्याला लाभणारच.

पालकांना विनंती की घरी खुडबुड झाली तर मुलांसह खुणा पाहा. विष ठेवू नका. विष्ठेला हात लावू नये, प्राण्याला पकडू नये. चावा झाल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे. जखमी प्राणी दिसल्यास वनविभागास कळवावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, प्राणी असो वा माणूस, कुणी नाव ठेवले म्हणून तो तसा ठरत नाही. आधी खुणा पाहाव्या, मग बोलावे. तुमच्या निरीक्षणाच्या वह्यांची आम्ही वाट पाहत आहोत.