नांदगावची मासळी आणि मोतीचा वाटा

नांदगाव म्हटलं की बहुतेकींना मनमाडजवळचं नांदगाव आठवतं. कुणाला मुरुडकडचं, समुद्रकाठचं. आमच्या 'ह्यां'चं नांदगाव तिसरंच! मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने निघालात की तळेरे, कासार्डे मागे टाकल्यावर आणि कणकवली यायच्या आधी एक तिठा लागतो, तो नांदगावचा. इथून उजवीकडे फुटणारा रस्ता असलदे, शिरगाव, तळेबाजार, जामसंडे करत देवगडच्या बंदरावर जातो. पूर्वी हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता; १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गावाला 'नांदगाव रोड' नावाचं स्टेशनही मिळालं. आम्ही मात्र या खेपेला गाडीनेच गेलो, कारण बरोबर मोती होता.

मोती म्हणजे आमचा पांढरा, केसाळ, चार वर्षांचा कुत्रा. जन्म ठाण्याचा, वाढला तिसऱ्या मजल्यावर. दूधभात, उकडलेली कोंबडी आणि दुकानातलं डब्याचं खाणं एवढंच त्याचं जग. नांदगावच्या अंगणात पाय ठेवला तो नाक वर करून पाच मिनिटं नुसता उभाच राहिला. शेण, ओला पालापाचोळा, चूल आणि या सगळ्यांवर मासळीचा वास!

नांदगावाला समुद्र नाही, पण मासळीवाचून अडतही नाही. देवगड तासाभराच्या वाटेवर. तिकडची मासळी सकाळीच बर्फातून येते, आणि कोकणातल्या बाईला मासे येणार याची बातमी वाऱ्यानेच कळते की काय कोण जाणे! आमच्या चुलतसासूबाई, म्हणजे काकी, हातातलं काम टाकून टोपली घेऊन निघतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. कल्ला उचलून आतला लाल रंग बघणार, बोटाने पाठ दाबणार, नाकाशी नेणार. "डोळो बघ गो. आत गेलेलो दिसलो तर घेव नको," हे त्यांनी मला लग्न झालं त्या वर्षी सांगितलं होतं, आणि अजूनही दर खेपेला सांगतात.

काकींच्या दारात वाघ्या आहे. तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, गावठी. भात आणि मासे यावर त्याचा पिंड पोसला आहे. त्याचं ते चमकदार अंग बघून मला वाटलं, आपण उगाच मोतीला महागाचं खाणं घालतो. इथेच मी चुकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांगडे होते. अर्ध्यांचं तिरफळ घातलेलं तिखलं, अर्धे रव्यात घोळून तव्यावर कुरकुरीत केलेले. जेवणं झाली आणि मोती माझ्याकडे असा बघत बसला की मला राहवलं नाही. ताटातली दोन डोकी, एक मधला काटा आणि त्याला चिकटलेला मसाला असं सगळं मी मागच्या पडवीत त्याच्यापुढे टाकलं. त्याने घासभरात संपवलं. मी मनात म्हटलं, बघा, रक्तातच आहे!

पाच मिनिटांत तो पुढच्या पंजाने तोंड ओरबाडायला लागला. लाळ गळू लागली. पाणी ठेवलं तर तोंड लावायचा आणि मागे सरकायचा. काटा अडकला हे कळलं. आपल्याला काटा लागला की आई कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावायची, ते आठवून मी भाताचा गोळा वळला आणि त्याच्या तोंडात कोंबायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मोती माझ्यावर गुरगुरला. काकी आवाज ऐकून बाहेर आल्या. "ह्या काय केलस गो? भाजलेलो काटो दिलस तेका?" मला रडूच फुटलं.

कणकवली पंधरा-वीस मिनिटांवर. ते पंधरा-वीस मिनिटं मोती माझ्या मांडीवर थरथरत होता आणि मी त्याच्याशी काय काय बोलत होते देव जाणे. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, तोंड उघडलं आणि टाळूला आडवा, दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये पाचरीसारखा बसलेला काटा चिमट्याने काढून माझ्या हातात ठेवला. जेमतेम पेराएवढा! "नशीब, तोंडातच अडकला. तुमच्या भाताच्या गोळ्याने तो घशात सरकला असता," ते म्हणाले. मैत्रिणींनो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. कुत्र्याला काटा लागला तर केळं, भात, पाव काहीही कोंबू नका, बोटं घालून ओढू नका, उलटी करवू नका. गळासकट मासा गिळला असेल आणि दोरा तोंडातून लोंबत असेल तर तो तर मुळीच खेचायचा नाही. सरळ डॉक्टर गाठायचा. काटा पोटात गेला असं वाटलं तरी डॉक्टरांना विचारून पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं. उलट्या, पोट धरून बसणं, शी करताना कुंथणं, शीत रक्त दिसणं यांतलं काही झालं तर वेळ काढू नये.

मी डॉक्टरांना विचारलं, "मग वाघ्या कसा खातो?" ते हसले. "वाघ्याला कसं घालतात ते आधी बघा."

संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहून बघितलं. इतकी वर्षं त्या घरात जातेय, पण हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. काकी मासे धुतात तेव्हाच कुत्र्याचा वाटा वेगळा काढतात. मीठ लावायच्या आधी, हळद-तिखटाच्याही आधी. ताटात उरलेलं त्याला घालायचं अशी त्यांची रीत नाहीच. "आधी तेचो वाटो, मगे आमचो. मीठ-मसालो आपणाक, तेका कित्याक?" पोट साफ केलेला मासा नुसत्या पाण्यात उकडायचा. निवला की हाताने मोकळा करायचा आणि काटे काढायचे. हे काम त्या डोळ्यांनी करत नाहीत, बोटांनी करतात. मासा अंगठा आणि तर्जनीत चुरत जायचं; जिथे टोचेल तिथे थांबायचं. मग तो चुरा आणि ते पाणी मऊ भातात कालवायचं. वाघ्याच्या भांड्यात भातच जास्त असतो. मासा वासापुरता, चवीपुरता.

काकींना यातली कारणं कुणी शिकवली नव्हती, पण डॉक्टरांशी बोलताना एकेक उलगडत गेलं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवला म्हणून कांदा निर्दोष होत नाही, त्याची पूडही तशीच वाईट. आणि परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, तोवर आपण कांदा विसरलेले असतो. म्हणजे आमटीतला 'नुसता मासा धुऊन' घालणंही बरं नव्हे. तळलेल्या तेलकट माशाने पोट बिघडतं, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. काटा भाजला, तळला, वाळवला की कडक आणि ठिसूळ होतो, मोडला की सुईसारखं टोक येतं. "कच्चाच घातला तर?" असं तुम्ही विचाराल. कच्च्या माशात जंत असू शकतात, आणि तारलीसारख्या काही माशांत 'ब-१' जीवनसत्त्व मोडून टाकणारा एक घटक असतो. रोज कच्चं घातलं तर त्या जीवनसत्त्वाची उणीव होऊन जनावर लटपटायला लागतं. शिजवलं की जंतही मरतात आणि तो घटकही निकामी होतो.

एक गोष्ट मात्र शिजवून जात नाही, आणि ती मला नवी होती. बांगडा, तारली, गेदर हे मासे उन्हात किंवा गरम जागी राहिले की त्यांत हिस्टामाइन नावाचं द्रव्य तयार होतं. उकडा, तळा, ते तसंच राहतं. माणसाच्या अंगावर त्याने गांध्या उठतात, कुत्र्याला उलट्या-जुलाब होऊ शकतात. आपण काय करतो? "थोडा वास येतोय, आपल्याला नको, कुत्र्याला घालू." काकींच्या घरी असा मासा माडाच्या बुंध्याशी पुरतात. वाघ्या उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात.

मोतीला कोणता मासा घालावा हेही विचारून घेतलं. कर्ली चवीला कितीही गोड असो, ती काट्यांची जाळी. कुत्र्याच्या वाट्याला नको. शिंगाळ्याचे करवतीसारखे काटे तर कोळीसुद्धा जपून मोडतात. मोरी, मोठी सुरमई, गेदर हे मोठे मासे लहान माशांवर जगतात, त्यामुळे त्यांच्या अंगात पारा साठतो. ते वरचेवर घालू नयेत. मोतीसाठी काकी बांगडाच घेतात, कारण त्याचा मधला काटा एका ओढीत निघतो. पहिल्यांदा घालताना बोटाच्या पेराएवढाच तुकडा द्यायचा आणि दिवसभर खाज, जुलाब काही होतं का पाहायचं. पुढेही मासा म्हणजे खाऊ. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर नाही.

चार दिवसांनी मोती पुन्हा उड्या मारू लागला, तेव्हा आम्ही देवगडला गेलो. किल्ला, दीपगृह पाहिलं आणि मग मिठमुंबरीच्या वाळूवर उतरलो. काय सुंदर किनारा आहे! सुरूची झाडं, ओली वाळू आणि माणसं अगदी थोडी. मोतीने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. लाटेवर भुंकून दमल्यावर तो वाळूत हुंगत पुढे गेला. जाळं झाडून टाकलेली बारीकसारीक मासळी तिथे पडली होती. त्यात एक फुगीर, बोटभर मासा. मोती त्याला तोंड लावणार एवढ्यात जाळं आवरणारा एक म्हातारा ओरडला, "गे बाय, कुत्र्याक वढ! केंड आसा तो!"

केंड! जाळी फाडणारा म्हणून कोळ्यांचा वैरी, एवढंच मी ऐकून होते. पण त्याच्या यकृतात, गाभोळीत, कातडीत असं विष असतं की त्याने स्नायू लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. त्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त श्वास चालू ठेवू शकतात. उकळूनही ते विष जात नाही. जपानी लोक याच जातीचा 'फुगू' हौसेने खातात, पण तो परवाना मिळालेल्या आचाऱ्यानेच साफ करायचा असतो. न्यूझीलंडमध्ये २००९ साली ऑकलंडच्या किनाऱ्यांवर कुत्री मेली, तेव्हा वाळूत आलेल्या समुद्री गोगलगाईंत हेच विष सापडलं होतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी मात्र मी मोतीला उचलून छातीशी धरलं ते गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही. आता किनाऱ्यावर तो दोरीनेच फिरतो, मग कुणी कितीही म्हणो, "सोडा हो बिचाऱ्याला!"

निघायच्या आदल्या रात्री पावसाळ्याचा विषय निघाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा वाघ्याचं काय? काकींकडे सुक्याचा डबा असतो, पण खारा बांगडा कुत्र्याला त्या कधीच देत नाहीत. त्यातलं मीठ एवढं असतं की जनावर पाणी पिऊन पिऊन बेजार होतं, जास्त झालं तर झटकेही येतात. मीठ न लावता वाळवलेले बोंबील असले तर भिजवून, उकडून, काटा काढून थोडे. पहिल्या पावसात पऱ्याला चढणीचे मासे येतात, पोरं रात्री बत्त्या घेऊन धावतात, तेव्हा वाघ्याची चंगळ! तेही उकडूनच बरं का, आणि चाळणीतून गाळून, कारण ते मासे बारीक आणि काटे त्याहून बारीक.

सकाळी निघताना काकींनी दोन डबे बर्फाच्या पेटीत घालून दिले. एकात आमच्यासाठी बांगड्याचं तिखलं, दुसऱ्यात मोतीचा उकडलेला वाटा, भातात कालवून. हातखंब्याच्या पुढे झाडाखाली गाडी थांबवून आम्ही जेवायला बसलो. मी मोतीला पाणी पाजून येईपर्यंत ह्यांनी एक डबा उघडून दोन घास खाल्लेही होते. "काकी आता थकल्या गं," ते हळहळत म्हणाले, "मीठच विसरल्या आज."