दहावा माणूस

परवा संध्याकाळी सरांचा पुण्याहून फोन आला. सर म्हणजे माझे जुने सहकारी. एकाच शाळेत आम्ही चौदा वर्षं शिकवलं. ते गणित, मी मराठी. सर बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. मूळचे अष्टागरातले, आडनावाच्या शेवटी आपल्यासारखंच 'कर'. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, असं त्यांची परंपरा सांगते. कोकणात ही मंडळी तेलाचा घाणा चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

आमच्या घोडेगावाहून शनिशिंगणापूर जवळच. शनिवारी इथल्या रस्त्यावर ही गर्दी, आणि जो तो शनिदेवाला तेल घालायला निघालेला. सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा ते पाहून म्हणाले होते, "गुरुजी, तुमचा शनिवार तेलाचा, आमचा बिनतेलाचा!"

तर फोनवर सरांनी येत्या सणांचा सगळा कार्यक्रम सांगितला. यंदा, म्हणजे 2026 साली, 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांचं 5787 वं वर्ष सुरू होतं. रोश हशाना. त्यांचे जुने लोक 'नव्याचा सण' म्हणत. 20 तारखेच्या संध्याकाळपासून 21 च्या रात्रीपर्यंत किप्पूरचा उपास, पाण्याचा थेंबही नाही. मग 25 ला संध्याकाळी सुक्कोथ. त्यासाठी मांडव घालायचा, वर झावळ्या टाकायच्या, पण अशा बेताने की रात्री त्यातून चांदण्या दिसल्या पाहिजेत. पूर्वज मिसरमधून सुटून रानोमाळ भटकले, त्याची ही आठवण. शेवटी सिम्हथ तोरा, तोराची गुंडाळी हातात घेऊन नाचायचा दिवस.

पुण्यात त्यांची दोन प्रार्थनास्थळं. कॅम्पातलं डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं, 1867 साली पुरं झालेलं लाल देऊळ सगळ्यांना ठाऊक असतं. सर जातात ते रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमोला. प्रार्थना हिब्रूत, आणि ती संपली की गप्पा मराठीत.

सर म्हणाले, "यंदा गणपती 14 ला बसतात. म्हणजे बाप्पा आणि आम्ही बरोबरच. पण 25 ला अनंत चतुर्दशी. मिरवणुकीमुळे रस्ते बंद, त्यात शुक्रवार. सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग गाडीत बसायचं नाही. म्हातारी माणसं येणार कशी? दहा होतात की नाही कोण जाणे."

'दहा' हा शब्द ऐकला आणि मी गप्प झालो.

त्याला कारण आहे. तेव्हा मी शाळेत पर्यवेक्षक होतो. सरांच्या वडिलांना जाऊन वर्ष होत होतं. सरांनी गावी जायला दोन दिवसांची रजा मागितली. नेमकी त्याच आठवड्यात शाळा तपासणी. मी अर्ज परत केला. वर ऐटीत म्हणालो, "तिथं तुमचे भाऊबंद आहेत ना? एक माणूस कमी असला तर काय बिघडतं?" सर काही बोलले नाहीत. अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि वर्गावर गेले.

खूप दिवसांनी कळलं, काय बिघडतं ते. त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षं पुरी झालेले दहा पुरुष लागतात. त्याला मिनियान म्हणतात. दहा नसले तर तोराची गुंडाळी काढून वाचत नाहीत, मृतांसाठीचं कद्दिश म्हणता येत नाही. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं गोळा केली, तरी नऊच भरली. तासभर वाट पाहून सगळे आपापल्या घरी गेले. कद्दिश राहिलं. दहावा माणूस आमच्या शाळेत सातवी ब ला त्रैराशिक शिकवत होता.

तपासणीत काय शेरा मिळाला, तो आज मला आठवतसुद्धा नाही.

मी माफी मागितली तेव्हा सर एवढंच म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं." पुढच्याच महिन्यात त्यांनी घरी मलिदा केला. गोड पोहे, ओला नारळ, फळं, आणि प्रेषित एलियाहूचं नाव घेऊन आभार मानायचे. मलाही बोलावलं. 'मलिदा खाणे' हा वाक्प्रचार मी मुलांना भलत्याच अर्थाने शिकवत होतो. त्या दिवशी खरा मलिदा खाल्ला. घशाखाली उतरायला वेळ लागला, हेही खरं.

आपल्याकडे माणसं मोजायची वेळ येत नाही. आरतीला पाच असोत की पाचशे, आरती होते. एकादशीला मी देवळात गेलो नाही तर कोणाच्या लक्षातही यायचं नाही. पण 1948 नंतर इस्राएलला जाता जाता भारतात चार-पाच हजारच उरलेल्या या समाजात प्रत्येक म्हाताऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी होते. त्याच्या न येण्यानं इतर नऊजणांचीही प्रार्थना अडते. गर्दीत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

सरांचा मुलगा अश्दोदला, सून-नातवंडं तिकडेच. सरांचं घर देवळापासून चालत पंधरा मिनिटांवर, पण त्यांना हल्ली एकट्याने रस्ता ओलांडायला भीती वाटते. त्यातून ढोलताशांची गर्दी.

मी म्हटलं, "सर, 24 ला मी एसटीने येतो. दुसऱ्या दिवशी मांडवावर झावळ्या टाकू लागेन, आणि संध्याकाळी तुमचा हात धरून तुम्हाला वेळेवर पोचवीन."

ते हसले. "गुरुजी, तुम्ही काही आमच्या दहात धरले जाणार नाही हं."

"ठाऊक आहे. मी मागं बाकावर बसेन."

सौभाग्यवती म्हणते, या वयात विसर्जनाच्या गर्दीत कशाला कडमडताय? तिला अजून सगळं सांगितलेलं नाही. आता हे वाचेल तेव्हा कळेल. दहावा माणूस मला होता येणार नाही, पण एकदा मी अडवलेला दहावा माणूस या वेळी नेऊन सोडता तर येईल.

आरक्षण उद्याच करतो.