बाहुलीसाठी ओव्हन घेताना

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगवला, सावलीत वाळवला की झालं. खऱ्या बाळासारख्या दिसणाऱ्या व्हायनिलच्या बाहुलीचं तसं नाही. तिचे खास रंग ओव्हनमध्ये साधारण १३० अंश सेल्सिअसला तापवल्याशिवाय पक्के होत नाहीत. मायक्रोवेव्ह इथे चालत नाही, ओटीजी बघा. तो एवढा मोठा हवा, की बाहुलीचं डोकं तापलेल्या कांडीपासून लांब राहील. बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा तापमापक ठेवा. खिडक्या उघड्या, मुलं दूर. आणि पैसे वाचवायला घरचा केकचा ओव्हन तर मुळीच वापरू नका. रंग-व्हायनिलची वाफ आत बसते, ती मुलांच्या खाण्यात जाऊ शकते. वेगळा ओव्हन परवडत नसेल तर लाकडी बैलच रंगवू द्या. मुलांचा हात त्यावरही तेवढाच वळतो.