उलटी मूठ

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि दमट हवेचा असा भपकारा आला की क्षणभर वाटलं, आपण रत्नागिरीलाच उतरलो. जानेवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा आणि पावसाचे दिवसही तेच. शहराकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता. आपल्या कोल्हापूरकडचा ऊस सपाटीला पसरलेला असतो, इथला टेकड्यांवर चढलेला. या उसापायी १८६० साली ‘ट्रुरो’ नावाचं जहाज मद्रासहून गिरमिटिया मजूर घेऊन या किनाऱ्याला लागलं. १९११पर्यंत अशी दीड लाखाहून जास्त माणसं आली.

मी ज्याच्यासाठी इतक्या लांब आले होते, तो असल्याच एका मजुरांच्या घराण्यातला. कागदोपत्री नाव सेवसंकर सेवगोलम. दोनदा मोठ्यानं म्हणून पाहा, म्हणजे त्यात दडलेला शिवशंकर शिवगुलाम ऐकू येईल. लोक त्याला पापवा म्हणायचे.

हे नाव मला पहिल्यांदा नानाकाकांनी सांगितलं. नानाकाका पुण्यात तीस वर्षं गोल्फचे कॅडी होते. आठवड्यातले सहा दिवस साहेबांच्या बॅगा वाहायच्या आणि सोमवारी कॅडींना खेळायची मुभा असायची तेव्हा स्वतः खेळायचं. बॅगेच्या पट्ट्याचा वळ त्यांच्या डाव्या खांद्यावर शेवटपर्यंत होता. एकदा दिवाळीत अंगणात केरसुणीचा दांडा हातात घेऊन त्यांनी मला पापवाची मूठ दाखवली. गल्लीतल्या पोरांना क्रिकेटची बॅट धरायला शिकवताना आपण सांगतो ना, उजव्या हाताचा असशील तर डावा हात वर, उजवा खाली. गोल्फची स्टिकही तशीच धरतात. पापवा उजव्या हाताचा, पण त्याचा उजवा हात वर असायचा आणि डावा खाली. कुणी शिकवायला नव्हतं, लहानपणी झाडाची फांदी हातात आली तेव्हा जशी धरली तशीच पुढे कायम राहिली. “असा धरून मारला तर मनगट मोडेल,” नानाकाका म्हणाले होते, “आणि हा बाबा त्यावर स्पर्धा जिंकून आला.”

नानाकाका गेल्यावर मी पापवाबद्दल मिळेल ते वाचत सुटले. जिथे वाचावं तिथे एकच प्रसंग, पावसात भिजत चषक घेणारा माणूस. मुठीबद्दल एखादंच वाक्य. म्हणून ठरवलं होतं की डर्बनमध्ये त्याचा खेळ शोधायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमगेनी नदीच्या मुखाशी गेले. गाडीवाले साठी ओलांडलेले, तिथलेच हिंदी वंशाचे. डर्बनमधली आपली माणसं वडीलधाऱ्यांना ‘अंकल’ म्हणतात, तशी मीही त्यांना अंकल म्हणत होते. नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या बाजूला खारफुटीचं रान आहे, चिखलात कुर्ल्यांची बिळं, वाकड्या मुळांत अडकलेला कचरा, थेट आपल्या खाडीसारखं. त्याला लागूनच बीचवुडचं गोल्फ मैदान. पोरवयात पापवा इथे कॅडी झाला. किनाऱ्याची वाळू ओली आणि घट्ट होती. अंकल म्हणाले, “इथेच मारत बसायचा म्हणतात, काठी घेऊन.” मी वाळूतला एक शिंपला चपलेच्या टोकानं उडवून पाहिला. गवतावर मागेपुढे झालेला फटका कसाबसा खपून जातो, वाळूवर काठी चेंडूच्या बोटभर मागे टेकली तरी सगळा जोर वाळूतच जिरतो. अशा जागी ज्याचा हात बसला, त्याला पुढे हिरवळीवर खेळणं सोपंच गेलं असेल.

त्याचा हात ओळखणारा माणूस म्हणजे ग्रॅहम वुल्फ. आपल्याकडे ‘ओले’ नावाची क्रीम मिळते ना, ती मूळची या डर्बनची, आणि हा रसायनतज्ज्ञ तिचा जनक. पापवा त्याच्या बॅगा वाहायचा. वुल्फनं त्याला नोकरी दिली आणि १९५९ साली स्वतःच्या छोट्या विमानातून युरोपला नेलं. लिहितावाचता न येणारा हा कॅडी त्या वर्षी डच ओपन जिंकला. १९६० साली पुन्हा जिंकला, १९६४ साली तिसऱ्यांदा. मधल्या १९६३ साली ब्रिटिश ओपनमध्ये तो संयुक्त तेरावा आला, जगातले सगळे नामवंत मैदानात असताना. सगळं त्या उलट्या मुठीवर.

हॉलंडनं त्याच्यासाठी दार उघडलं होतं, पण मायदेशी मैदानावर पाऊल ठेवायलाही सरकारची परवानगी लागायची. वर्णभेदाचा कायदा वस्तीपासून बाकड्यापर्यंत सगळीकडे लागू होता.

दुपारी डर्बन कंट्री क्लबपाशी थांबलो. शेजारी २०१०च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेल्या मोझेस मभिडा स्टेडियमची भली मोठी कमान. क्लबची इमारत पांढरीशुभ्र, केप डच धाटणीची, वळणदार त्रिकोणी माथ्यांची. मैदान समुद्रालगतच्या वाळूच्या टेकड्यांवरून वर-खाली होत गेलेलं. इथे १९६३च्या जानेवारीत नाताळ ओपन झाली. हा ‘नाताळ’ तोच आपला नाताळ. वास्को द गामा १४९७च्या ख्रिसमसला या किनाऱ्यावरून गेला, म्हणून पोर्तुगीजांनी त्याला हे नाव दिलं आणि गोव्यामार्गे तोच शब्द मराठीत आला.

ती स्पर्धा पापवा जिंकला. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू क्लबच्या इमारतीत कोरडे बसले आणि विजेत्याला आत जायला कायद्यानं बंदी, म्हणून त्याला चषक बाहेर, पावसात देण्यात आला. खिडकीतून दिला असंही काहीजण सांगतात. त्याचा फोटो जगभर छापून आला. पुढे दक्षिण आफ्रिकेवर खेळातला बहिष्कार वाढत गेला, त्याला बळ देणाऱ्या गोष्टींत हा फोटो होता.

अंकल गाडीला टेकून उभे होते. म्हणाले, “माझे वडील एका हॉटेलात वेटर होते. ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा पावसाचं नावही काढायचे नाहीत. ते म्हणायचे, आत वेटर कोण होते? आपलेच. ट्रे घेऊन आत जायला चालतं, चषक घ्यायला चालत नाही.”

मी काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे नानाकाकांचा खांदा आला.

पण फोटोपाशीच थांबून सगळे मोठी गोष्ट विसरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९६५ साली याच नाताळ ओपनमध्ये पापवानं दक्षिण आफ्रिकेच्याच गॅरी प्लेअरला हरवलं. त्याच वर्षी प्लेअरनं यूएस ओपन जिंकून गोल्फमधल्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम पुरा केला. त्या वर्षीच्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाला, त्याच्याच देशात, या माणसानं मागे टाकलं! यानंतर काय व्हायला हवं होतं? झालं असं की परवानग्या नाकारल्या जाऊ लागल्या आणि गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धा त्याला बंद झाल्या. गोल्फपटू तिशी-चाळिशीत ऐन भरात असतो. ती वर्षं त्याच्याकडून काढून घेतली. पावसात भिजलेला माणूस टॉवेलनं अंग पुसून घरी जाऊ शकतो. ही वर्षं परत कुठून आणायची? १९७८ साली पापवा वारला तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

शेवटच्या दिवशी रेझर्व्हॉयर हिल्सला गेलो. उमगेनीच्या काठचं हे नगरपालिकेचं गोल्फ मैदान, पापवा सेवगोलमच्या नावाचं. ना पांढरी इमारत ना वळणदार माथे. गवत जागोजागी राठ, नदीकडून माशांचा आणि गाळाचा वास. तिथल्या एका वयस्कर माणसानं मला सात नंबरची आयर्न, एक जुनी स्टिक, दिली. मी उजवा हात वर आणि डावा खाली घेतला. स्टिक मागे नेईपर्यंत ठीक होतं, वरून खाली आणताना मात्र दोन्ही कोपरं एकमेकांच्या आड आली आणि चेंडू जेमतेम दहा पावलं गवतातून घसरत गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा डावं मनगट जरा सैल सोडलं, तेव्हा कुठे तो उचलला गेला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी लालसर ओरखडा उठला होता. म्हातारबाबा म्हणाले, “आमच्या वेळी इथली सगळी पोरं अशीच धरायची. पापवासारखी.”

सरावाच्या ग्रीनवर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी पुट मारत होती, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलत होती. शिकवणारे गृहस्थ शेजारी हाताची घडी घालून उभे. तिची मूठ पाहिली आणि मी जागच्या जागी थांबले. उजवा हात वर, डावा खाली. हल्ली पुट मारताना असं धरणारे खूप आहेत, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन जिंकलेला जॉर्डन स्पीथसुद्धा असंच धरतो. त्यानं मनगटं हलत नाहीत आणि चेंडू सरळ जातो. शिकवणाऱ्यांनी तिला थांबवलं नाही, पायांतलं अंतर थोडं कमी करायला सांगितलं, इतकंच.

आभाळ भरून आलं होतं. पहिले थेंब पडले तसे अंकल गाडीकडून छत्री घेऊन आले. मुलगी चेंडूमागे पुन्हा नीट उभी राहिली, भोकाकडे एकदा बघितलं, आणि पुट मारला.