नंदनवनातील रविवारचे व्याकरण

नागपूरच्या पूर्व भागात ग्रेट नाग रोडने निघाले की जगनाडे चौक लागतो आणि नंदनवन सुरू होते. इंद्राच्या उपवनाचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत कल्पवृक्ष शोधणाऱ्याची निराशा होईल. येथे आहेत किराणा व औषधांची दुकाने, शिकवणी वर्गांच्या एकावर एक चढलेल्या पाट्या, के. डी. के. अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे धावणारी तरुण मंडळी आणि जवळून वाहणारी नाग नदी. शहराला नाव दिले ते हिने. आज तिच्या पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात, ही गोष्ट वेगळी.

चौकाचे नाव मात्र आपणा व्यापारी घराण्यांना जवळचे वाटावे असे आहे. संताजी जगनाडे तेलाचा व्यवसाय करीत आणि तुकोबांचे अभंग उतरवून ठेवीत. तुकोबा स्वतः वाणी. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. व्यवहार आणि लेखणी यांची अशी सोबत ज्या चौकात रोज डोळ्यांसमोर असते, तेथून चार गल्ल्या आत माझ्या घरी दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीची दहा-बारा मुले इंग्रजी व्याकरण शिकण्यास येतात.

बहुतेक मुले दुकानदारांची आहेत. हिशेबाला तल्लख, परंतु इंग्रजी वाक्य समोर आले की त्यांची जीभ अडखळते. गाईडमधील राम कायम आंबा खातो आणि सीता कायम पत्र लिहिते. त्यांत या मुलांना रस वाटावा तरी कसा? म्हणून मी गाईड मिटवले आणि प्रत्येकाला एक वही दिली. रोजच्या जमाखर्चाची पाच वाक्ये इंग्रजीत लिहावयाची, एवढाच स्वाध्याय.

पहिल्याच महिन्यात एक गंमत ध्यानी आली. ‘अर्न’, ‘सेव्ह’, ‘बॉरो’, ‘ओव’ ही क्रियापदे भूतकाळात निमूट नियम पाळतात. ‘स्पेंड’, ‘बाय’, ‘पे’, ‘लेंड’, ‘लूज’ ही मात्र रूप पालटतात. म्हणजे पैसा हातून सुटला की व्याकरणाचाही नियम सुटतो, असे मी मुलांना सांगितले. ‘कीप’ आणि ‘गेट’ यांनी हा सिद्धांत मोडीत काढला, आणि तो मोडून दाखविण्यात मुलांना जो आनंद झाला, त्यातच ती सारी रूपे पाठ झाली. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांची गल्लत अधिक चिवट आहे. मराठीत उसने घेतो आणि उसनेच देतो. शब्द एक, दिशा दोन. इंग्रजीत दिशेप्रमाणे शब्द बदलतो. आमच्या खतावणीतील ‘जमा’ आणि ‘नावे’ हे उदाहरण दिल्यावर ते चटकन उमगले.

शंभराची नोट हा तर संपूर्ण धडाच आहे. ‘आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज’ हे वाक्य सर्वांच्या खिशात असते आणि कोणीच वाचत नाही. यातील ‘आय’ कोण? खाली स्वाक्षरी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची आहे, म्हणजे कर्ता तेच. संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेची इमारत मुलांनी पाहिली होती. कर्ता कोठे असतो, हे त्यांना व्याकरणाच्या पुस्तकात प्रथमच असे सापडले असावे. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसते, कारण ती भारत सरकारची, वित्त सचिवांच्या स्वाक्षरीची. नववीतील एका मुलीने विचारले, “काका, हिंदीत ‘वचन देता हूँ’ छापले आहे. गव्हर्नर बाई झाल्या तर?” आजवर या पदावर स्त्री आलेली नाही. आली तर हिंदी वाक्य बदलावे लागेल, इंग्रजी तसेच राहील. लिंगभेदाचा याहून चांगला दृष्टान्त मला तरी सुचला नसता.

धनादेशाचेही तसेच. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याचे अठरावे कलम सांगते की, अंकांतील व अक्षरांतील रक्कम भिन्न असेल तर अक्षरांतील रक्कम ग्राह्य धरावी. तेथे अंकापेक्षा अक्षराचे वजन अधिक, हे ऐकून गणितात हुशार मुले जरा हिरमुसली. ही माहिती त्यांना लवकरच लागणार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार दहा वर्षांवरील मुलांना, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, बचत खाते स्वतः उघडून चालवू देता येते. अठरा पूर्ण होताच मोबाइलवर ‘आय अॅग्री’ची खूण करणे त्यांच्या हाती येईल, ‘मे’ आणि ‘शॅल’ यांतील अंतर तोपर्यंत कळलेले बरे. ‘द बँक मे चेंज द रेट’ यात बँकेला मुभा आहे. ‘द बॉरोअर शॅल पे’ यात कर्जदाराला नाही.

एका रविवारी घरातील कोणताही इंग्रजी आर्थिक कागद आणण्यास सांगितले होते. कोणी विजेचे बिल आणले, कोणी विम्याची पावती. दहावीतील एका मुलाने जामीनपत्राची छायाप्रत आणली. त्याच्या वडिलांनी नात्यातील एकाच्या कर्जास जामीन दिला होता. दुसरे जामीनदार आणखी एक आप्त. मुलाने ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ हे शब्द ‘सिव्हिअरली’ असे वाचले आणि वर्ग हसला. मी फळ्यावर लिहिले: क्रियाविशेषण, अर्थ ‘एकत्रितपणे आणि प्रत्येकी स्वतंत्रपणे’.

त्या संध्याकाळी वडील स्वतः आले. दारातच उभे राहून म्हणाले, “साहेब, आम्ही दोघे जामीन आहोत. वेळ आलीच तर निम्मेच माझ्याकडे येणार ना?”

त्यांना बसवून पाणी दिले. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या १२८ व्या कलमान्वये, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. आणि या दोन शब्दांमुळे धनको संपूर्ण रक्कम एकाकडूनही मागू शकतो. दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागण्याचा हक्क आहे, पण तो नंतर, स्वतःच्या खटपटीने. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. “सही करताना कोणी सांगितले नाही,” एवढेच बोलले. नात्याचा शब्द मोडावयाचा नव्हता आणि तसे मी सुचविलेही नाही. हप्ते वेळेवर जातात किंवा नाही, याचा उतारा मात्र दर तीन महिन्यांनी मागून घ्यावा, असे सांगितले. जामीनदाराने विचारणे म्हणजे अविश्वास, अशी आपल्या समाजात भावना आहे. ती मला कधीच पटली नाही.

पुढच्या रविवारी मुलाच्या वहीत तिसरे वाक्य होते: ‘माय फादर हॅज आस्क्ड माय अंकल फॉर द लोन स्टेटमेंट.’ इतर मुलांनी साधा भूतकाळ लिहिला असता. त्याला मी कारण विचारले. “अजून उत्तर आले नाही, काका,” तो म्हणाला. काळ योग्य होता. मी खूण केली आणि पुढची वही घेतली.