डायल टोन

पनवेलला आजीच्या घरी टीव्हीशेजारी एक तिपाई आहे. तिच्यावर क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर पंचवीस वर्षं एकच वस्तू होती: लाल लँडलाइन फोन. 2019 च्या मे महिन्यात मी तो काढला आणि तिथे स्टँडवर टॅबलेट उभा केला. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती, पुण्याच्या नोकरीचं ऑफर लेटर आलं होतं. घरात सुधारणा करायचा उत्साह त्या वयात जरा जास्तच असतो.

कारण तसं साधं होतं. आजोबांना लँडलाइनवर ऐकू येईना. मोबाइलची बटणं दिसेनात. टॅबलेटला मोठा स्क्रीन, मोठा स्पीकर, प्रत्येक माणसाचा पोस्टकार्डाएवढा फोटो. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागणार. मग व्हॉट्सॲपच का नाही? कारण आजोबांचे रोजचे फोन तीन: पेणचे शाळासोबती, पोयनाडची बहीण आणि दवाखाना. तिन्हीकडे लँडलाइन. तिथे व्हॉट्सॲप पोचत नाही. मला हवं होतं ते असं, की टॅबलेटला सिमकार्ड नाही, फक्त वायफाय आहे, तरी त्यावरून कुठलाही साधा फोन लागला पाहिजे आणि आलाही पाहिजे.

हे आपल्याकडे कायद्याने जमायलाच कितीतरी वर्षं गेली. 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण गंमतशीर अटीवर. कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला कॉल लावता येईल, भारतातल्या फोनला नाही. म्हणजे पनवेलहून न्यू जर्सी चालेल, पेण नाही. स्काइपनेही नोव्हेंबर 2014 मध्ये भारतातल्या भारतात फोनला कॉल लावायची सोय बंद केली. ऑक्टोबर 2017 मध्ये ट्रायने शिफारशी केल्या, पुढच्या वर्षी सरकारने परवान्याच्या अटी बदलल्या आणि जुलै 2018 मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ जाहीर केली. वर्षाला 1,099 रुपये अधिक कर, आणि सिमकार्डाशिवाय ॲपमध्येच एक फोन नंबर. अशीच एक सेवा मी आजोबांसाठी घेतली. कुठली ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक सेवेची नव्हती.

पहिले आठ दिवस मजेत गेले. नातेवाईक आले की आजोबा प्रात्यक्षिक दाखवायचे. मी त्यांना समजावून सांगायचो, की तुमचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, सेकंदाला पन्नास तुकडे, आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घालून स्वतंत्रपणे पाठवला जातो. एखादं पाकीट वाटेत हरवलं तर ते परत मागवत नाहीत. बोलण्यात उशीर करण्यापेक्षा तेवढा तुकडा सोडून दिलेला बरा. “म्हणजे साधं टपाल,” आजोबा म्हणाले. “रजिस्टर नाही.” यापेक्षा नेमकं मला आजही सांगता येत नाही.

त्यांची तक्रार मात्र वेगळीच होती. बोलता बोलता समोरचा थांबला की ते ओरडायचे, “हॅलो? आहेस का? हॅलो!” पलीकडचा बिचारा आठवत असायचा किंवा चहाचा घोट घेत असायचा. मला वाटलं नेटचा प्रॉब्लेम असेल. दोन दिवस राउटरशी झटापट केली. मग लक्षात आलं, प्रॉब्लेम शांततेचा होता. कोणी बोलत नसेल तेव्हा ॲप काहीच पाठवत नाही, तेवढाच डेटा वाचतो. लँडलाइनवर गप्प माणसाच्या मागेही बारीकशी खरखर चालू असते. तिच्यावरून कळतं, की पलीकडे कोणीतरी आहे. टॅबलेटवर माणूस थांबला की विहिरीत पडल्यासारखी शांतता. ही अडचण इतकी जुनी आहे, की तिच्यावर ‘कम्फर्ट नॉइज’ नावाचा उपाय आहे. शांततेच्या जागी सॉफ्टवेअर स्वतःच हलकी, खोटी खरखर तयार करून ऐकवतं. सेटिंगमध्ये टिक केलं आणि आजोबांचं ओरडणं थांबलं. मला भारी वाटलं. माझ्या करिअरमधला तो पहिला बग फिक्स.

त्याच आठवड्यात मी लँडलाइन बंद करायचा अर्ज दिला. आजोबांचा बटणांचा मोबाइलही स्विच ऑफ करून कपाटात ठेवला. दोन-दोन रिचार्ज कशाला?

जुलैत एका रात्री साडेअकराला लाइट गेली. बाहेर पाऊस. आजोबा अंधारात बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. आजीने टॅबलेट उचलला. मी त्यावर ॲम्ब्युलन्सचं चित्र लावून 108 चं मोठं बटण करून ठेवलं होतं. तिने ते दाबलं. मग माझा फोटो. मग बाबांचा.

लाइट नाही म्हणजे राउटर बंद. राउटर बंद म्हणजे नेट नाही. टॅबलेटची बॅटरी ऐंशी टक्के होती, स्क्रीन लख्ख उजळला होता, सगळे फोटो जागच्या जागी हसत होते. वरच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत ‘रजिस्ट्रेशन फेल्ड’ असं लिहिलेलं असणार. आजीने ते वाचावं अशी माझी अपेक्षा होती की काय, कोण जाणे.

शेवटी ती टॅबलेटच्याच उजेडात दोन जिने उतरली आणि खालच्यांचं दार वाजवलं. ॲम्ब्युलन्स यायला मिळून तासभर गेला. तेवढा वेळ आजोबा फरशीवर होते.

“मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय,” दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर आजी म्हणाली. “चार वेळा दाबलं रे. तू शिकवलं होतंस तसंच.”

जुन्या लँडलाइनला घरातली वीज लागत नाही. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांमधून 48 व्होल्टचा डीसी पुरवठा त्याच तांब्याच्या तारेवरून घरापर्यंत येतो, फोन त्यावर चालतो. म्हणून गावभर अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन येतो. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहूनही आलो होतो. आमची तार पावसात कुरकुरायची, त्यामुळे ती त्या रात्री नक्की चालली असती असं मी म्हणणार नाही. पण डायल टोन आहे की नाही हे आजीला रिसीव्हर कानाला लावताच कळलं असतं. नंबर फिरवायच्या आधी. आपलं चुकतंय असं तिला वाटलं नसतं.

नंतर मी त्या सेवेच्या अटी वाचल्या, आधी वाचायला हव्या होत्या. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की तातडीच्या नंबरांची खात्री नाही. ट्रायच्या 2017 च्या शिफारशींतही हेच आहे: ही सोय सक्तीची नको, पण तिच्या मर्यादा ग्राहकाला निःसंदिग्ध शब्दांत सांगा. कारणही पटण्यासारखं आहे. लँडलाइनची तार एका घरात जाते. टॅबलेट मी पुण्याला नेला तरी तो पनवेलचाच नंबर दाखवणार, मग ॲम्ब्युलन्स कुठे पाठवायची? ग्राहकाला सांगितलं होतं. ग्राहक मी होतो. फोन आजी लावणार होती. आणि 108 चं ते सुंदर बटण मी एकदाही दाबून पाहिलं नव्हतं.

आजोबा वॉकरवर का होईना, चालायला लागले. रोज संध्याकाळी पेणला फोन लावतात, टॅबलेटवरूनच. राउटरला मी छोटा यूपीएस लावला आहे. बटणांचा मोबाइल चार्ज करून, दोरीने, आजीचा हात पोचेल अशा खिळ्याला टांगला आहे. 108 आणि 112 लिहिलेला कागद त्याच्या शेजारी, आजीच्याच अक्षरात.

आता पनवेलला लाइट गेली की दोन मिनिटांत माझा फोन वाजतो. कधी मी मीटिंगमध्ये असतो, कधी झोपेत.

“लाइट गेलीये,” आजी म्हणते. “लागतोय का ते बघत होते.” आणि ठेवून देते.